कॉस्टिंगचा पेपर

मंदाकिनी आगाशे नापास झाल्या ही बातमी सोसायटीत त्यांनी स्वतःच पसरवली.

२००२ सालचा जुलै महिना होता. सकाळी साडेदहाला त्यांच्या मुलीने, तनयाने, ऑफिसातून फोन केला. तनया सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिच्या टेबलावरच इंटरनेट होतं आणि सी.ए.चा निकाल आता आधी तिथे दिसायचा. "आई, दुसरा ग्रुप नाही झाला," ती म्हणाली.

"बरं. डबा वेळेवर खा," म्हणून मंदाकिनीबाईंनी फोन ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि भाजी आणायला निघाल्या. शनिवार पेठेतल्या त्या चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर गोदाबाई राहायच्या. त्या दारातच उभ्या होत्या.

"आज निकाल ना गं तुझा?"

"लागला. नापास झाले."

गोदाबाईंचा चेहरा पडला. "अगं बाई. पण या वयात बसलीस हेच केवढं..."

"वयाचा पेपर नव्हता," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "नोव्हेंबरात परत बसणार आहे. जानेवारीत निकाल. तेव्हा विचारा."

आणि त्या जिना उतरून गेल्या.

मंदाकिनीबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्नाआधी त्यांनी सी.ए.ची इंटर पास करून लक्ष्मी रोडवरच्या एका फर्ममध्ये तीन वर्षं उमेदवारीही पुरी केली होती. फायनल तेवढी राहिली. मग लग्न, मग बँकेतली नोकरी, मग तनया. बँकेत बावीस वर्षं गेली. २००१ साली बँकांनी स्वेच्छानिवृत्ती आणली, काउंटरवर संगणक बसले आणि निम्मी शाखा हार-तुरे घेऊन घरी गेली. कोणी बंगल्याचं बांधकाम काढलं, कोणी चारधामला गेलं. मंदाकिनीबाईंनी माळ्यावरची ट्रंक काढली, आतली तेवीस वर्षांपूर्वीची पुस्तकं रद्दीत घातली, कारण त्यातला एकही कायदा आता तसा राहिला नव्हता, आणि फायनलचा फॉर्म भरला. फायनलच्या दोन ग्रुपांपैकी पहिला त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. बँकेतल्या जुन्या मैत्रिणींनी शाल-श्रीफळ दिलं. त्या समारंभात त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, की दुसरा ग्रुप मे महिन्यात होईल. कोणाला शंका आली नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

नापास झाले हे सांगायला त्यांना काहीच वाटलं नाही. कशी झाले, हे मात्र त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मे महिन्यातला कॉस्टिंगचा, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा, पेपर. पहिला प्रश्न एका कारखान्याच्या तीन विभागांवर होता. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा शब्द एकमेकांपासून सुटे झाल्यासारखे दिसायला लागले आणि बोटं गार पडली. पेन्शनच्या दिवशी ऐंशी माणसांची रांग समोर असताना ज्या बाईचा हात कधी थांबला नव्हता, ती बाई पाऊण तास एकही अक्षर न लिहिता बसून होती. शेजारच्या मुलीने पहिली पुरवणी मागितली, तेव्हा त्या भानावर आल्या आणि जे सुचेल ते लिहीत सुटल्या. घरी आल्यावर श्यामसुंदररावांनी विचारलं, "कसा होता पेपर?"

"लांबलचक," त्या म्हणाल्या. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

निकालानंतरच्या मंगळवारी त्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकात गेल्या. कॉस्टिंगचं पुस्तक बदलून पाहावं असं त्यांनी ठरवलं होतं. दोष पुस्तकाचा नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण काहीतरी बदलायला हवं होतं. जुनी पुस्तकं घेणाऱ्या-विकणाऱ्या संपतच्या दुकानाशी एक मुलगी उभी होती. तेवीस-चोवीस वर्षांची, सावळी, पाठीवर लांब वेणी. तिने कापडी पिशवीतून एकेक पुस्तक काढून फळीवर ठेवलं. चारही दुसऱ्या ग्रुपची होती.

मंदाकिनीबाईंनी वरचं कॉस्टिंगचं पुस्तक उचललं आणि उघडलं. प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. एका पानावर होतं: 'उसातून साखर निघते, मळीही निघते. मळीसाठी ऊस वेगळा तोडावा लागत नाही. म्हणून मळीला वेगळा खर्च नाही. ती विकून जे येईल ते साखरेच्या खर्चातून वजा.' हाच मुद्दा समजायला मंदाकिनीबाईंनी एप्रिल महिन्यातले दोन दिवस घालवले होते.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"मग विकताय का? पास झालात?"

"नाही. नापास. तिसऱ्यांदा."

मंदाकिनीबाईंनी पुन्हा त्या पानाकडे पाहिलं. "हे ज्याला येतं तो नापास कसा होतो?"

प्रश्न अनोळखी माणसाला विचारण्यासारखा नव्हता, पण त्यांनी विचारला. मुलीलाही बहुधा कोणीतरी तो असा सरळ विचारायला हवा होता.

"घरी बसून सगळं येतं, काकू. पेपर हातात आला की मला वाशिमचं घर दिसतं. पहिल्या वेळी बाबांनी निकालाच्या आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले होते, सगळ्या गल्लीला सांगून. ते पेढ्याचा पुडा घेऊन येताना दिसतात. मग प्रश्न दिसतच नाहीत." तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "आता नाही बसायचं मला. रविवारची गाडी आहे. तिकडे शिकवण्या घेईन."

मंदाकिनीबाई स्वतःचीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होत्या. पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. संपत भाव सांगायच्या आत त्यांनी चारही पुस्तकं काखेत घेतली.

"ही मी घेतली. पण तुमचं अक्षर मला लागत नाही. आज मंगळवार आहे, तुम्ही रविवारी जाणार. मधल्या चार दिवसांत येऊन मला हे समजावून द्या."

"मी?"

"लिहिलंय कोणी मग? आणि काकू म्हणू नका. मीही नापास आहे."

ती मुलगी म्हणजे नम्रता गोटे. विश्रांतवाडीला मामाकडे राहत होती. मामा बापूराव खडकीच्या कारखान्यात फिटर होते, आणि वाशिमला प्राथमिक शाळेत मास्तर असलेल्या मेहुण्याला शब्द देऊन त्यांनी भाचीला सहा वर्षांपूर्वी पुण्यात आणलं होतं.

बुधवारी सकाळी दहाला ती आली. मंदाकिनीबाईंनी जेवणाचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. पहिला तासभर नम्रता भीत भीत बोलत होती. मग मंदाकिनीबाईंनी एका ठिकाणी ठामपणे चूक उत्तर काढलं, तेव्हा तिने त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाली, "नाही, असं नाही. आधी कारखान्यात काय घडतंय ते बघा, आकडे नंतर." आणि तिने कागदावर कारखाना काढला. कच्चा माल इकडून आत, वाया गेलेला माल इकडून बाहेर, उरलेला पुढच्या खोलीत. बापूरावांचा कारखाना तिने लहानपणी एकदा आतून पाहिला होता, आणि तिचं सगळं कॉस्टिंग त्यातून आलेलं होतं. मंदाकिनीबाईंनी उभ्या जन्मात कारखाना पाहिलेला नव्हता. त्यांना पहिल्यांदा तो दिसला.

शनिवारी संध्याकाळी निघताना नम्रता चपला घालता घालता दारात रेंगाळली.

"स्टँडर्ड कॉस्टिंग राहिलं तुमचं."

"राहिलं खरं."

"त्याला अजून आठ दिवस तरी लागतील."

"लागतील. तुझी गाडी आहे ना उद्या?" चार दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

नम्रता जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती मामाला घेऊनच. बापूराव इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसले. त्यांनी आधी घर पाहून घेतलं, मग मंदाकिनीबाईंना.

"बाई, तुमी हिले शिकवता का?"

"नाही. ती मला शिकवते."

"तुमाले?"

"हो. मी नापास झाले आहे."

"अन् हे बी नापास."

"हो."

बापूरावांनी थोडा विचार केला. "म्हंजे नापास पोरगी नापास बाईले शिकवते."

"बरोबर."

"मंग पास कोन होईन?"

"दोघी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "चहा घेणार ना?"

बापूरावांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. मग उठताना म्हणाले, "तिकीट वापस करतो म्या. पन बाई, ह्या पोरीले सगळं येते. आमाले घरी दिसते ना. तिले नापास कोन करते, थे पाहा तुमी."

ऑगस्ट-सप्टेंबर हे दोन महिने त्या घरात सी.ए.शिवाय दुसरं काही शिजलं नाही, असं श्यामसुंदरराव म्हणायचे आणि मुकाट्याने कुकर लावायचे. ते शाळेतून निवृत्त झालेले शास्त्राचे मास्तर होते. नम्रता रोज यायची, दोघी आठ तास बसायच्या. कॉस्टिंगवर सगळा जोर होता. करांचे कायदे मंदाकिनीबाईंना सोपे वाटायचे. "अप्रत्यक्ष कर काय, वाचला की येतो," असं म्हणून ते पुस्तक त्या रोज उद्यावर ढकलत. नम्रता आता त्यांना मंदाताई म्हणू लागली होती. ती मधूनच पुस्तकातून डोकं वर काढून विचारायची, "चौथ्यांदा नापास झाले तर?" आणि मंदाकिनीबाई तिला धीर द्यायच्या. भीती कसली, येतं ना तुला, मग झालं तर. हे सांगताना त्यांचा आवाज खणखणीत असायचा. नम्रता तो ऐकून शांत व्हायची, आणि आपण हे कुठल्या तोंडाने सांगतोय, असं मंदाकिनीबाईंना दर वेळी वाटून जायचं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पूर्ण तीन तासांचा सराव पेपर लिहायचं ठरलं. श्यामसुंदररावांनी ते फार मनावर घेतलं. त्यांनी टेबलं एकमेकांपासून लांब लावली, फोनचा रिसीव्हर काढून ठेवला, देवघरातली घंटा आणून हाताशी ठेवली आणि कॉस्टिंगच्या जुन्या प्रश्नपत्रिका उलट्या करून वाटल्या. स्वतःच्या बायकोला त्यांनी "बोलू नका" असं बजावलं. मग घंटा वाजवली.

नम्रताने प्रश्नपत्रिका सरळ केली, वाचली आणि तिचे खांदे वर चढले ते तसेच राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. श्यामसुंदरराव वर्गात घालायचे तशी खोलीत फेरी घालत होते. अर्ध्या तासाने ते थांबले.

"दोघींचे कागद कोरे आहेत," ते म्हणाले.

नम्रताने मान वर करून पाहिलं. तिचा कागद कोरा असणार हे तिला माहीतच होतं. पण मंदाताईंच्या कागदावरही एक रेघ नव्हती, आणि पेन धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"तुम्ही का थांबलात?" तिने विचारलं.

मंदाकिनीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मे महिन्यात पाऊण तास अशीच बसले होते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगितलं होतं ना, पास होणार म्हणून. मला माझ्या मैत्रिणी दिसत होत्या, शाल घेऊन उभ्या. तुला बाबा दिसतात तशा." मग श्यामसुंदररावांकडे न बघता म्हणाल्या, "पेपर लांबलचक नव्हता."

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसली. दोन महिने जी बाई तिला भीती कसली म्हणून दटावत होती, तिलाही हेच होतं. हे कळल्यावर तिला कोणी पाठीवरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं झालं. मंदाकिनीबाईंनाही हलकं वाटलं, पण त्यांनी ते कबूल केलं नाही.

श्यामसुंदररावांनी खुर्ची ओढली आणि दोघींच्या मध्ये बसले.

"बत्तीस वर्षं बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक होतो मी. प्रत्येक वर्गात दर वर्षी एकदोघे असायचे. हुशार, आणि कोऱ्या पानाकडे बघत बसलेले. मी जवळ जाऊन एवढंच म्हणायचो, समास आख. पट्टी घे आणि रेघ मार. मग प्रश्नातले आकडे उतरवून काढ, नुसते, जसेच्या तसे. हात चालू झाला की डोकं मागून येतं. आधी डोकं यावं म्हणून थांबलात, तर बसा वाट बघत."

"हे मला मे महिन्यात का नाही सांगितलंत?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"तू मला मे महिन्यात सांगितलंस का?"

मंदाकिनीबाईंनी पट्टी शोधायला घेतली.

श्यामसुंदररावांनी पुन्हा घंटा वाजवली. दोघींनी समास आखला. प्रश्नातले आकडे उतरवले. नम्रताचा हात तिसऱ्या ओळीवर अडखळला, पण थांबला नाही. त्या दिवशी तिला शंभरपैकी अडतीस पडले आणि मंदाकिनीबाईंना एकेचाळीस. पुढच्या रविवारी पंचेचाळीस आणि पन्नास. मग श्यामसुंदररावांनी रविवारची वाट बघणं सोडून दिलं आणि रोजच एक पेपर लावायला सुरुवात केली. भीती गेली असं नाही. रोज घंटा वाजली की ती यायचीच. पण रोज आल्यामुळे तिचा रुबाब कमी झाला. नम्रता एकदा म्हणाली, "आली बघा," तर मंदाकिनीबाई म्हणाल्या, "येऊ दे. बसायला सांग. आपल्याला काम आहे."

नोव्हेंबरात परीक्षा सुरू झाली. दोघींनी फॉर्म एकत्रच भरले होते, त्यामुळे केंद्र एकच आलं, टिळक रस्त्याच्या बाजूचं एक कॉलेज, आणि वर्गही एकच. नम्रताचा बाक मंदाकिनीबाईंच्या शेजारच्या रांगेत, तीन बाक पुढे होता. बसल्या जागेवरून तिची वेणी आणि उजवं कोपर दिसायचं.

कॉस्टिंगचा पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न दोन पानी होता. मंदाकिनीबाईंची बोटं गार पडली, अगदी ठरल्यासारखी. त्यांनी पट्टी काढली, समास आखला, पहिला प्रश्न सोडून तिसरा धरला आणि त्यातले आकडे उतरवून काढले. चौथ्या आकड्यापाशी त्यांना दिसलं, की हा कारखाना आपल्या ओळखीचा आहे. माल इकडून आत, वाया गेलेला तिकडून बाहेर. हात चालू झाला.

वीसएक मिनिटांनी पान उलटताना त्यांनी सहज वर पाहिलं. नम्रताचं कोपर हलत नव्हतं. पेनाला टोपण होतं. तिचे खांदे वर चढलेले होते.

मंदाकिनीबाईंनी दोन मिनिटं लिहिलं आणि पुन्हा पाहिलं. तसंच. आता ती वाशिमच्या घरात आहे, हे त्यांना इथून कळत होतं. हाक मारणं शक्य नव्हतं. उठून जाणं तर नाहीच. त्यांनी हात वर केला.

"पुरवणी," त्या म्हणाल्या. तो आवाज बँकेतल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला आवाज होता. सगळ्या वर्गाने वर पाहिलं.

पर्यवेक्षिका लगबगीने आली. "आत्ताच? मूळ उत्तरपत्रिका भरली का तुमची?"

"भरेल."

"मग भरल्यावर मागा ना, मॅडम."

"मागेन. तुम्हाला आधी सांगून ठेवलं. मला लागणार आहे."

मागे कोणीतरी खुसखुसलं. पर्यवेक्षिका कपाळाला आठ्या घालून परत गेली. नम्रताने मागे वळून पाहिलं नाही. पण तिची वेणी हलली, मग खांदे दोनदा हलले, आणि ते रडण्याने नव्हे हे तीन बाक मागूनही समजत होतं. तिने कंपासमधून पट्टी काढली आणि समास आखायला घेतला.

मंदाकिनीबाईंनी मान खाली घातली. आता पुरवणी मागून बसल्यावर ती भरणं भाग होतं. त्यांनी दोन भरल्या.

बाहेर आल्यावर नम्रता फाटकापाशी वाट पाहत उभी होती. तिच्या बोटांना शाई लागली होती.

"मंदाताई, वीस मिनिटांत पुरवणी?"

"मग काय मागणार? पाणी मागितलं असतं तर तुझ्या लक्षात आलं असतं का? चल, उद्याचा पेपर आहे."

जानेवारीत निकाल लागला. नम्रता पास झाली. बापूरावांनी वाशिमला फोन लावून मेहुण्याला सांगितलं, आणि पलीकडून इतका वेळ काही ऐकू येईना, की फोन तुटला असं त्यांना वाटलं.

मंदाकिनीबाई नापास झाल्या.

गुणपत्रिका पोस्टाने आली तेव्हा त्या पहिल्यांदा खरोखर चकित झाल्या. कॉस्टिंगमध्ये एकसष्ट होते. साठच्या वर पडल्यामुळे तो पेपर आता परत द्यायचा नव्हता, सुटला होता. आणि अप्रत्यक्ष करात सदतीस. पास व्हायला चाळीस लागायचे. तीन गुण कमी, म्हणून उरलेले तिन्ही पेपर परत. ज्या पेपराची त्यांना कधी भीती वाटली नव्हती, त्याने घात केला होता. त्यांनी कागद श्यामसुंदररावांच्या हातात दिला.

"वाचला की येतो म्हणालीस," ते म्हणाले.

"वाचला नाही ना." आणि त्या हसायला लागल्या. श्यामसुंदरराव आधी जरा घाबरले, मग तेही हसले. मे महिन्यातल्या परीक्षेनंतर हीच बाई चार दिवस कोणाशी धड बोलली नव्हती, हे त्यांना आठवत होतं.

नम्रता पुढच्या रविवारी आली. तिच्याबरोबर बापूराव होते, आणि वाशिमहून तिचे आई-वडीलही. वडिलांच्या हातात पेढ्याचा मोठा पुडा होता. मंदाकिनीबाईंचा निकाल कळल्यापासून तो आत कसा न्यावा, या विचाराने ते जिन्यातच दोनदा थांबले होते. मंदाकिनीबाईंनी दार उघडून पुडा त्यांच्या हातातून घेतला, स्वतः दोन पेढे खाल्ले आणि मग इतरांपुढे धरला.

"बाई, तुमचं मात्र राहिलं," नम्रताचे वडील खाली बघत म्हणाले.

"एका पेपरात राहिले. मे महिन्यात होईल."

"पण भीती नाही वाटत? पुन्हा तेच सगळं..."

"वाटते की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "पण आता आमची ओळख झाली आहे."

नम्रताला बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, हिशेब विभागात नोकरी लागली होती. सोमवारपासून जायचं होतं. पाहुणे निघायला उठले तेव्हा ती उठली नाही. तिने टेबलावरचा कर कायद्यांच्या पुस्तकांचा ढीग उपसला, अप्रत्यक्ष कराचं पुस्तक तळातून ओढून काढलं आणि उघडलं. पानं कोरी करकरीत होती. एकाही समासात पेन्सिलीचा ठिपका नव्हता. कायदा बदलला म्हणून हे एकच पुस्तक मंदाकिनीबाईंनी, नम्रताचं बाजूला ठेवून, नवीन आवृत्तीचं घेतलं होतं.

"मंदाताई, हे उघडलंच नव्हतं तुम्ही."

"दोन धडे वाचले होते."

"कुठले?"

मंदाकिनीबाईंनी पेढ्याचा पुडा पुन्हा तिच्यापुढे धरला.

"दर रविवारी येईन मी," नम्रता म्हणाली. "पण धडा वाचून ठेवायचा. मी आल्यावर वाचत बसायचं नाही."

"तू शिकवणार म्हणजे दरडावणारही?"

"हो."

बापूराव दारात उभे राहून हे ऐकत होते. ते श्यामसुंदररावांकडे वळून हळूच म्हणाले, "आता पास व्हाच लागते बाईले. सुटका नाही."

नम्रता त्यानंतरचे सगळे रविवार आली, मार्चअखेरचा एक सोडून, कारण त्या दिवशी तिला ऑफिसात थांबावं लागलं. तिने फोनवरून धडा विचारला. मे महिन्यात मंदाकिनीबाई उरलेले तीन पेपर द्यायला एकट्याच गेल्या. पट्टी बरोबर होती, ती त्यांनी तिन्ही दिवस वापरली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या सी.ए. झाल्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. अप्रत्यक्ष करात त्रेपन्न पडले. हे गुण नम्रताला कमी वाटले आणि तिने तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. मंदाकिनीबाईंनी ते ऐकून घेतलं.